चिपचा सोमवार

बंगळूर, वैशाखातला मंगळवार

तीर्थरूप धोंडप्पा मामांच्या पायाशी भाचा मन्मथचा बंगळूरहून शरणार्थ. मल्लम्मा मामीलाही शरणार्थ. वानेऱ्या आणि शेवऱ्या या दोघांच्या मानेवरून हात फिरवून त्यांनाही सांगावं की मन्मथनं विचारलंय (वानेऱ्याला आधी सांगा, बैलाला दुसरा नंबर लागला की तो वैरणीला तोंड लावत न्हाई). मी इथं मजेत आहे. तुमचा गुडघा कसा आहे? मामीचा खोकला गेला का? विहिरीच्या तळाला काही ओल दिसते का, का अजून त्यात पोरं क्रिकेट खेळून राहिली? इथं नळाला पाणी येतं आणि लोक ते सकाळी सकाळी अंगणात मारतात. आल्या-आल्या एका बाईला रस्त्यावर पाणी मारताना बघून मी इतका वेळ उभा राहिलो की तिला वाटलं मी तिच्याकडंच बघतोय. मग तिचा नवरा बाहेर आला. पुढचं लिहीत न्हाई.

हे सगळं फोनवर सांगितलं असतं. पण तुम्ही फोन कानाला लावत न्हाई. स्पीकरवर टाकून पारावर मधोमध ठेवता, आणि मी इथून हॅलो म्हटलं की तिकडून सगळी गल्ली "बोल रे" म्हणते. मागं पोट बिघडल्याचं तुम्हाला सांगितलं, तर संध्याकाळी निलंग्याहून एका दोस्ताचा फोन, आता कसं आहे पोट म्हणून. तेव्हापासून ठरवलं, इज्जतीची गोष्ट कागदावर. तुमचा चष्मा अजून तसाच फुटका असणार, म्हणजे तुमची शिवगंगाच वाचून दाखवून राहिली असणार. (शिवगंगा, इथून पुढं कंसातलं मोठ्यानं वाचायचं न्हाई. आणि मधीच हसायचं न्हाई, तुझ्या वडलांना वाटतं त्यांनाच हसतीस.)

तर मामा, आडवे असाल तर उठून बसा आणि उभे असाल तर भिंतीला टेका. तुमच्या भाच्यानं नाव काढलंय. आठवीत दोनदा बसून तिसऱ्यांदा शाळेनंच हात जोडले तो हा मन्मथ, त्याच्या कामाच्या रीतीवर सध्या बंगळुरात मोठमोठी इंजिनिअर माणसं बैठक घेऊन राहिली. दरवाजा लावून. आत चहा दोनदा जातो. बैठकीचा विषय एकच, तो म्हणजे मी. कशी वेळ आली ते क्रमानं सांगतो, कारण अधूनमधून सांगितलं तर पारावरचे लोक मधलं गाळून भलतंच जोडतील.

गावात कुणीतरी उठवलंय म्हणे की मन्मथ बंगळुरात मोबाईल दुरुस्त करतो. साफ खोटं. मी बिघडवतो, आणि त्याचा पगार घेतो. मोबाईलात, लाईटच्या मीटरात, टँकर कुठं फिरतो ते बघायला जो डबा लावतात त्यात, नखाएवढी एक काळी चीप असते. लक्षात ठेवणं हे तिचं काम. लाईट असो-नसो, विसरायचं न्हाई. (तुझ्या आईसारखं. कुणाच्या लग्नात कुणी पंगतीला दुसऱ्यांदा विचारलं न्हाई, सगळं जागच्या जागी.) चिपच्या पोटात मोजता येणार न्हाईत इतक्या बारक्या बारक्या कणग्या असतात. कणगीत वीज कोंडली म्हणजे लिहिलं. ओढून बाहेर काढली म्हणजे पुसलं. पण या कणगीला दार न्हाई बरं का मामा, विजेला भिंतीतूनच आत घुसवावं लागतं आणि भिंतीतूनच बाहेर ओढावं लागतं. दर वेळी भिंतीला थोडं खरचटतं, थोडी वीज भिंतीतच अडकून बसते. असं हजारो वेळा झालं की भिंत पोखरून जाते, आत कोंडलेलं गळायला लागतं आणि चीप विसरायला लागते. आता गिऱ्हाइकाच्या घरी जाऊन विसरली तर कंपनीचं नाक कापलं. म्हणून तिला आधी इथंच विसरायला लावायचं. गरम पेटीत चिपा मांडायच्या आणि लिही-पूस, लिही-पूस, थांबायचं न्हाई. कितव्या लिहिण्याला कोण मेलं ते बघायचं. या पेटीला रॅक म्हणतात. एक रॅक माझ्याकडं आहे, शेजारची किशनरावाकडं.

किशनराव नांदेडचा. वयानं मोठा, कामात जुना, आणि आपण नांदेडचे आहोत हे दर घासाला सांगणारा. पहिल्याच दिवशी मला म्हणाला, "आमच्याकडं गोदावरी हाय. तुमच्याकडं काय हाय रे लातूरवाल्या?" मी म्हणालो, "आमच्याकडं पाणी रेल्वेत बसून येतं. तुमच्या गोदावरीनं कधी रेल्वे बघितली का?" तेव्हापासून आमची दोस्ती आहे. डबा दोघांत खातो, भांडण मात्र रोज ताजं.

जिल्ह्यावरून आठवलं. नोकरीला लागताना ऑफिसातल्या बाईनं जिल्हा विचारला. आपल्याकडं सगळे म्हणून राहिले होते की आता नवा जिल्हा होणार, उदगीरचा बोर्ड रंगवायचा तेवढा बाकी आहे. मी म्हणालो, उदगीर लिहा. बाईनं कॉम्प्युटरात वरपासून खालपर्यंत शोधलं आणि म्हणाली असा जिल्हाच न्हाई. मी म्हणालो, होणार आहे, तोवर तेवढी जागा मोकळी सोडा. ती हसली न्हाई, पण आमचे विरूपाक्ष साहेब मागं उभे होते ते लई हसले. तेव्हाच त्यांनी मला सांगितलं की चिपमध्येही अशी जागा मोकळी सोडलेली असते. एखादी कणगी नासली की तिचं काम गपचूप तिकडं हलवायचं, वरच्याला पत्ता लागू द्यायचा न्हाई. म्हणजे आपला नवा जिल्हा चिपमध्ये कधीचाच होऊन गेलाय. (पारावर हे वाचू नको शिवगंगा. दोन पार्ट्या आहेत, मामांचा गुडघा आहे, पळता येणार न्हाई.)

विरूपाक्ष साहेब म्हणजे आमचे मोठे साहेब. बसवकल्याणकडचे, आपल्याच शिवेवरचे. घरी कन्नड, ऑफिसात इंग्लिश, आणि माझ्यावर चिडले की मराठी. मला नोकरी लागली ती त्यांच्यामुळं. पण पहिल्या महिन्यात माझ्यावर त्यांची मर्जी बसली ती लाईट जाण्यावरून. चीप लिहीत असताना मधीच लाईट तोडायची, आणि अर्धं लिहिलेलं नासतं का ते बघायचं, अशी एक परीक्षा आहे. इथलं मशीन लाईट कशी तोडायचं? खटक्यासरशी. आहे, न्हाई. मी बघून राहिलो होतो, मला राहवेना. मी म्हणालो, साहेब, लाईट अशी जातच न्हाई. आधी बल्ब पिवळा होतो, मग पंखा म्हाताऱ्यासारखा फिरतो, मग जाते, मग एकदा येऊन तोंड दाखवते, आणि आपण पेटवलेला कंदील विझवला की परत जाते. लाईट जाण्याचा अभ्यास मी जन्मल्यापासून केलाय, पाळण्यात होतो तेव्हाही गेलेली होती. साहेब म्हणाले, "अरे, मशीनमधे ते बटण हाय. पहिल्यापासून हाय. कुणी दाबलं न्हाई एवढंच." मग मी दाबलं. पिवळ्या बल्बच्या लाईटीत चिपांनी असं काही लिहिलं की दारू पिऊन लिहावं. आता टँकरच्या त्या डब्यांत असं केलंय की लाईट मंद झाली की चिपनं नवीन काही लिहायला घ्यायचंच न्हाई, हातातलं तेवढं पुरं करायचं. त्यासाठी घोटभर वीज बाजूला साठवून ठेवलेली असते. बटण आधीपासून होतं हे खरं, पण दाबलं कुणी? आपल्या देवणी तालुक्यानं.

आता मुद्द्याचं. रॅक शिकवणाऱ्यानं मला सांगितलं होतं की आठवड्यातून एकदा लिहिणं थांबवायचं, चिपा बसतात त्या खाचा ब्रशनं साफ करायच्या आणि परत सुरू करायचं. कुठल्या वारी ते त्यानं सांगितलं न्हाई. किती वेळ तेही न्हाई. त्याला वाटलं असेल, ब्रश फिरवायला कितीसा वेळ लागतो. मी मनात म्हणालो, आठवड्यातून एकदा जुवातून सोडायचं, धुवायचं-पुसायचं, हे काय मला शिकवतोस? याला वार कशाला विचारायचा? सोमवार. बैल बसवण्णाचा, सोमवार बसवण्णाचा, त्या दिवशी मानेवर जू ठेवायचं न्हाई, हे मी चालायला शिकायच्या आधी तुमच्या खांद्यावर बसून शिकलो. पुण्याचा पोरगा असता तर त्यानं रविवार धरला असता, तोही अर्धा तास.

मी सोमवारी दिवस उगवला की रॅकचं लिहिणं थांबवायचो. खाचा साफ करायचो, वरून फडकं मारायचो, कपाळाच्या जागी विभूतीचे तीन पट्टे ओढायचो, मिळालं तर फूल. आणि मंगळवारचा दिवस उगवेपर्यंत हात लावायचो न्हाई. पेटीची गरमी मात्र तशीच चालू, तिची किल्ली साहेबांकडं. मला त्यात काही वावगं वाटलं न्हाई, बैल सोडला म्हणून गोठा कुणी थंड करत न्हाई. रॅक दिवस मोजत न्हाई, किती वेळा लिहिलं तेवढंच मोजते. त्यामुळं माझी रॅक थोडी मागं पडायची तेव्हा साहेबांना वाटायचं मशीन जुनं आहे. किशनरावाला दिसत होतं. एकदा म्हणाला, "काय रे, तुझी सोमवारी उपास करती का?" मी म्हणालो, आमच्यात असतं. तो म्हणाला, "तुमच्यात काय काय असतं बाबा," आणि गेला.

आणि मग मामा, निकाल लागायला लागले. चिपा एकाच पोत्यातल्या, म्हणजे एकाच खेपेच्या. अर्ध्या त्याच्या रॅकमधे, अर्ध्या माझ्या. त्याच्या पटापट विसरायला लागल्या. माझ्या तेवढंच लिहून अजून ताज्या. त्याच्याकडं पंगत उठली तरी माझ्याकडं वाढणं चालू. साहेबांना कळेना. त्यांनी माझ्या खाचा बघितल्या, माझा ब्रश बघितला, किशनरावाला म्हणाले जरा शीक याच्याकडून. (त्या दिवशी किशनराव माझ्या डब्यातलं जेवला न्हाई. दुसऱ्या दिवशी दुप्पट जेवला.) साहेबांनी मोठ्या कॅन्टीनमधे माझ्या खांद्यावर शाल घातली, बोर्डावर माझा फोटो लागला. मी तो बघायला उगाच पाणी प्यायच्या निमित्तानं दहादा जायचो. आणि साहेबांनी गिऱ्हाइकाला कळवलं की या खेपेच्या चिपा पहिलवान आहेत. गिऱ्हाईक म्हणजे हैदराबादच्या एक बाई, त्यांची कंपनी पाण्याची मीटरं करते. बाई म्हणाल्या, मी स्वतः येऊन बघते.

यायच्या होत्या बुधवारी. आल्या सोमवारी.

मी खाली मांडी घालून बसलो होतो, तोंडानं भजन, हातात ब्रश. दार उघडलं. पुढं साहेब, मागं बाई, त्यांच्या मागं कोट घातलेली चार माणसं. सगळ्यांच्या नजरा माझ्या रॅककडं, जिचं लई कौतुक ऐकून बाई हैदराबादहून आल्या होत्या. आणि रॅक? दिवे बंद, आवाज बंद, कपाळाला विभूती, वर झेंडू. साहेब हळूच म्हणाले, "येनो इदु?" म्हणजे काय रे हे. मामा, एवढं कन्नड तुम्हाला सांगायला नको, पण तो आवाज असा होता की मी उठून उभाच राहिलो.

"रॅक बंद का?"

"सोमवार हाय साहेब."

"सोमवार हाय म्हंजे?"

"सोडलीय."

"काय सोडलंय?"

"जोडी."

मागून किशनराव म्हणाला, "साहेब, मला वाटलं तुमीच सांगितलं आसल." बाईंनी विभूतीकडं बोट दाखवून विचारलं, हे पांढरं काय? साहेब म्हणाले, थंड राहायची पावडर. माणूस घाबरला की काय बोलेल सांगता येत न्हाई.

मग केबिन. मला आत घेतलं, बाईही येऊन बसल्या. साहेब मराठीत बोलून राहिले, म्हणजे पारा किती चढला ते समजा. म्हणाले, "लिहून लिहून भिंतीत वीज अडकती. गरमीत निवांत पडली तर त्यातली थोडी आपोआप सुटती, भिंत सावरती. म्हणून तुझ्या चिपा जगल्या. त्या पहिलवान न्हाईत, त्या आराम करून आल्यात! मीटर काय सोमवारी बंद ठेवतेत का लोक? तुझे सगळे आकडे रद्दीत गेले." मी विचारलं, म्हणजे आरामानं भिंत सावरते हे खरं? ते म्हणाले, "खरं हाय. पुस्तकात हाय. तू शाळेत होतास तेव्हापासून माहीत हाय." मी म्हणालो, साहेब, मग आमच्या मामांना पुस्तकाच्याही आधीपासून माहीत आहे. माझा आवाज जरा चढला असेल, पण मामा, त्या घडीला मला भीती कमी आणि अभिमान जास्त वाटून राहिला होता. जी गोष्ट आमच्या गोठ्यात कळते ती विजेलाही कळते!

बाईंनी सगळं इंग्लिशमधे सांगायला लावलं. सोमवार, बैल, बसवण्णा, सगळं. आधी लई हसल्या, डोळ्याला रुमाल लावला. मग रुमाल ठेवला आणि म्हणाल्या, आमचं मीटर दर मिनिटाला लिहितं, तेही एकाच जागी. नळाला पाणी नसलं तरी "पाणी न्हाई, पाणी न्हाई" म्हणून लिहीतच राहतं. कशाला? साहेब म्हणाले, तुम्ही कधी सांगितलंच न्हाई कमी लिहा म्हणून. मग दोघं फळ्याजवळ उभे राहिले ते जेवायची वेळ टळली तरी उभेच. आता असं चाललंय की मीटरनं आकडा जवळ धरून ठेवायचा आणि मधून मधून एकदाच लिहायचं. दर वेळी जागा बदलायची, म्हणजे आज जी कणगी राबली तिला पुढं लई दिवस आराम. मधल्या वेळात चिपनं झोपायचं. झोपली की बॅटरी खात न्हाई, म्हणजे बॅटरीही टिकते. जागा बदलायची ही युगत जुनीच, इंजिनिअर लोकांना ठाऊक असलेली, पण या मीटरला कुणी लावलेली नव्हती. साहेबांनी फळ्यावर या सगळ्याला नाव काय दिलं असेल? सोमवार! इंग्लिश अक्षरात, खाली दोन रेघा. त्या फळ्याचा फोटो मी काढलाय. मीटर झालं की आपल्या गावच्या नळाला लागेल, मग त्यात पाणी आलं न्हाई तरी सोमवार तरी पाळला जाईल.

आणि आता ऐका, मान किती मोठा ते. विरूपाक्ष साहेब येत्या आठवड्यात मेव्हणीच्या लग्नाला बसवकल्याणला येऊन राहिले. तिथून वाट वाकडी करून सोमवारी आपल्या गावी येणार आहेत, खास तुमच्या गोठ्यात, जिथून ही विद्या निघाली ती जागा डोळ्यांनी बघायला. बंगळूरचा एवढा मोठा माणूस, चारचाकी घेऊन, आपल्या उकिरड्याजवळून वळणार! मामीला सांगा की त्यांना चहा बिनसाखरेचा, आणि हुरड्याची गोष्ट काढू नका, यंदा हुरडा कुठला.

बाकी सर्व ठीक. तुमचा आशीर्वाद पाठीवर आहे म्हणून पाठ ताठ आहे. सगळ्या लहानमोठ्यांना जसा ज्याचा मान तसा माझा शरणार्थ पोचवावा.

तुमच्याच खांद्यावरून जग बघितलेला,
मन्मथ

ता. क. : शिवगंगा, इथून पुढचं पारावर वाचू नको. घरात जा, दार लोट आणि फक्त मामांना वाचून दाखव. साहेब दर्शनाला येऊन राहिले असं वर लिहिलंय ते पारासाठी. खरं म्हणजे ते तपासायला येऊन राहिले. दरवाजा लावून जी बैठक चालते ती मला ठेवायचं का काढायचं याची आहे. ऑफिसातल्या काही जणांनी उठवलं की सोमवार-बिमवार काही न्हाई, पोराला आठवड्यात एक दिवस बसून खायचं होतं. साहेबांनी मला एकट्याला बोलावलं. म्हणाले, "आमच्या गावातबी सोमवार पाळायचे. पण या दुष्काळात कोन पाळतंय? तुझा मामा पाळतो?" मी म्हणालो, प्राण गेला तरी. ते म्हणाले, "मग मी बघून येतो. चूक झाली तर शिकवता येतं. पण खोटं बोलनाऱ्याच्या हातचे आकडे मला नकोत, त्यानं मोजलेल्या चिपा लोकांच्या घरात जात्यात. जोडी गोठ्यात दिसली तर तू माझा मानूस. जुवात दिसली तर परत येऊ नको." एवढं सरळ बोलले. रागानं बोलले असते तर बरं वाटलं असतं.

ता. क. दुसरी : मामा, मी प्राण गेला तरी म्हणालो, आणि त्याच संध्याकाळी आईचा फोन आला. तिनं दुसरंच काही सांगता सांगता सांगितलं. होळीपासून तुमची गाडी सोमवारीही चालते. टँकर येतो तेव्हा येतो, आणि न्हाई आला तर सगळ्या गल्लीचं पाणी तुमच्या गाडीवरच्या टिपाडातून येतं, लांबच्या बोअरवरून. मामी म्हणाली म्हणे, "लेकरं तहानली तर बसवण्णा काय म्हणंल?" आणि तुम्ही पहिल्या सोमवारी दोघांचे पाय धुतले, मग जू ठेवलं, आणि तेव्हापासून दर सोमवारी तुम्ही स्वतः अन्नाला शिवत न्हाई. हे तुम्ही मला कधी सांगितलं न्हाई. फोनवर मी दर वेळी विचारतो बैल कसे आहेत, तुम्ही म्हणता मजेत. (शिवगंगा, तू पण सांगितलं न्हाईस. तुला पत्र लिहायला हात न्हाईत का?)

ता. क. तिसरी, आणि हीच खरी : मामा, साहेबांशी खोटं बोला असं मी म्हणणार न्हाई. विचारलं तर सांगा, होळीपासून सोमवार मोडलाय, लोकांच्या पाण्यासाठी मोडलाय. मीपण इथून निघायच्या आधी तसंच सांगणार आहे, पोटात धरून ठेवलं तर भिंत पोखरेल. गल्लीचं पाणी चुकवा असंही म्हणणार न्हाई. मागणं एवढंच आहे की या सोमवारी वानेऱ्या-शेवऱ्याला दाव्यावरच राहू द्या आणि गाडी तयार ठेवा. मी रविवारी निघणाऱ्या गाडीनं सोमवारी पहाटे उदगीरला उतरतो, तिथून येष्टी धरतो. टिपाड भरेल, गल्लीला पाणी मिळेल, जोडीही जुंपली जाईल. वानेऱ्याच्या जागी मी. शेवऱ्याच्या जागी किशनराव. त्याला सांगितलं तेव्हा म्हणाला, "तुमच्या लातूरला ओढायला नांदेडचाच मानूस लागतो, ते मला पयल्यापासून म्हाईत होतं," आणि रजा टाकून आला. उजवी बाजू मागतोय, देऊन टाका, भांडण नको. त्याची मान जाड आहे, जुवाची खिळी जरा बाहेरच्या भोकात घाला. टिपाड मात्र काठोकाठ भरू नका, आम्ही दोघं पहिल्यांदाच जुंपून घेऊन राहिलो. आणि एक, विरूपाक्ष साहेब वेळेवर येणारा माणूस न्हाई. त्यांची गाडी दिसेपर्यंत आम्हाला जुवातून सोडू नका.